तुझ्या खात्यातली अडतीस पत्रं

प्रिय घुम्या,

आधी पाकिटाची कड बघ. मी तिच्यावर चिकटपट्टी लावून पट्टीवरून पेनने एक आडवी रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली तर समज, तुझ्याआधी हे पत्र कुणीतरी उघडलंय. तुझं लग्न झाल्याचं कानावर आलं होतं. खरं की खोटं ते विचारावं असं इथे कुणी उरलेलं नाही. बायकोने उघडलं असेल तर माझी हरकत नाही. तिला सांग, यात तिने घाबरावं असं काही नाही, आणि मी असं लिहिलं म्हणून तिला जास्तच संशय येईल हेही मला ठाऊक आहे. सहा वर्षांनी पत्र, तेही कागदावर, तेही माझं! तू ते हातात धरून म्हणत असशील, पोलीस आता काय शोधायला आली? तू ठेवलेलं ते नाव अजून दोघं-तिघं वापरतात. मी ओ देते.

घरची खबरबात अशी की आई बरी आहे. आम्ही त्याच दोन खोल्यांत आहोत, शिंप्याच्या दुकानावर, आणि सकाळी नऊला खालची यंत्रं सुरू झाली की अजूनही कपबश्या थरथरतात. दूध तापवण्याआधी आई त्याचा वास घेते, मग मला घ्यायला लावते, आणि दोघींना काही वाईट सापडलं नाही की आम्हाला चुकल्यासारखं होतं. ताईची मुलगी कॉलेजात गेली. ती मला म्हणते, मावशी, तू माणसाशी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाहीस, त्याच्या खिशाकडे बघतेस. कार्टी माझ्यावरच गेली आहे. आपल्या बियाणं जपणाऱ्या केंद्रात तुझं मशीन त्याच कोपऱ्यात आहे. पंखा तसाच घरघरतो, आणि तू चिकटवलेली ‘हात लावू नये’ ही चिठ्ठी पिवळी पडली तरी कुणी हात लावत नाही. तू गेलास तेव्हा मशीनवरचं तुझं खातं बंद करायला हवं होतं, पण सगळी कामं त्याच खात्यावरून चालत होती, आणि बंद केल्यावर काय काय बंद पडेल हे सांगू शकणारा एकटा तूच होतास. म्हणून ते तसंच चालू राहिलं.

आता मी सगळं क्रमाने सांगणार आहे. तुला ठाऊक असलेलंही सांगणार आहे, कारण मधलं काही गाळलं की पुढे माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. आपल्या सहा थंड खोल्या, प्रत्येकीत एक थर्मामीटर, आणि दर तासाला प्रत्येक थर्मामीटरला तापमान विचारून लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहिणारी तुझी ती सव्वीस ओळींची स्क्रिप्ट. रोज सकाळी मी त्या लॉगचा कागद छापते, त्यावर भांडारपालांची सही घेते आणि फाइलला लावते. भांडारपाल म्हणजे आपले कुलूपकाका. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे आणि चार पावलं जाऊन परत येऊन चौथ्यांदा ओढायचे, म्हणून तूच त्यांना ते नाव दिलंस. अख्ख्या केंद्रात माझ्या जातकुळीचा तो एकच माणूस. खरं तर आमचं जमायला हवं होतं.

मला कामाला लागून आठवडाही झाला नव्हता तेव्हा तू एका वापरलेल्या कागदाच्या पाठीवर दोन नळ्या काढून दाखवल्या होत्यास. प्रत्येक प्रोग्रामला बोलायला दोन नळ्या असतात, एक नंबरच्या नळीतून तो उत्तर देतो आणि दोन नंबरच्या नळीतून तक्रार करतो. पडद्यावर दोन्ही एकाच जागी सांडतात म्हणून नवख्याला ते एकच वाटतं. मी लगेच म्हटलं होतं, दोन तोंडं कशाला हवीत, ज्याला काही लपवायचं असतं त्यालाच दोन तोंडं लागतात. तू हसलास. तू हसलास की तुझे कान हलायचे. म्हणालास, अगं उलट, काही लपू नये म्हणून. उत्तरात तक्रार मिसळली तर पुढचा प्रोग्राम तक्रारीलाच आकडा समजेल. मला पटलं, पण मी तसं दाखवलं नाही. तू आकडे एका फाइलमध्ये आणि तक्रारी दुसऱ्या फाइलमध्ये पाठवायचास, आणि मी तुला चुकूनही सांगितलं नाही की तक्रारींची फाइल मी कधी उघडतच नाही. तुला ते कळलं होतं. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तू अकरा दिवसांच्या रजेवर निघालास, त्या दुपारी पिशवी खांद्याला लावलेली असतानाच तू परत खुर्चीत बसलास आणि दोन्ही नळ्या एकाच लॉगमध्ये जोडल्यास. म्हणालास, आता तुला दोन ठिकाणी बघायला नको, एखादं थर्मामीटर गप्प झालं तर स्क्रिप्ट मागचाच आकडा पुन्हा लिहील, पण त्याच्यावर तक्रारीची ओळ येईल, ती दिसली की मला फोन कर. मी म्हटलं, बरं. मी तेव्हा तुझ्या बोलण्याकडे नव्हे, तुझ्या पिशवीकडे बघत होते. नवीन शर्ट होता तिच्यात, आणि आईच्या ऑपरेशनला नवीन शर्ट कशाला लागतो हा विचार मी अकरा दिवस केला.

तेव्हाचं सगळंच लिहायला बसले तर हे पत्र दोन पाकिटांत जाईल. माती तपासणीतली ती उंच मुलगी तुला आठवत असेल. मी तिला मातीवाली म्हणायचे, तिच्यासमोर नव्हे. ती तुझ्याकडे काम घेऊन आली की उभ्यानेच बोलायची, आणि ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायला मला चिमटे लागायचे तो तिच्याशी चक्क वाक्यं बोलायचा. ती वाक्यं मातीच्या ओलाव्याबद्दल असायची हे मी कान देऊन ऐकलेलं आहे, पण मला त्याचंही काही वाटून घेता आलं. रजेवरून तू आलास तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलणं सोडलं होतं. काय झालं म्हणून तू विचारलंस, मी म्हटलं, तुलाच ठाऊक. तू गप्प बसलास, आणि तुझं ते गप्प बसणं म्हणजे कबुली असं मी धरून चालले. तीन महिन्यांनी तू नोकरी सोडलीस. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर किल्ल्या ठेवताना तू काहीतरी बोलणार होतास, आणि मी मान वर केली नाही.

तर तीन नंबरची खोली. गेल्या महिन्यातली गोष्ट. तीन नंबर ही सगळ्यात थंड, उणे अठराची, आणि गारवा टिकावा म्हणून दर दहा दिवसांनी एकदाच उघडायची असा नियम. तेरा तारखेला दुपारी बाराच्या सुमारास काकांनी ती उघडली आणि असे ओरडले की मी दुसऱ्या टोकाच्या खोलीतून धावत गेले. आत ऊब होती. भिंतीवरचा बर्फ वितळून जमिनीवर पाणी साचलं होतं, पाकिटं भिजून फुगली होती आणि बुरशीचा वास येत होता. चारशे बारा पाकिटं, घुम्या. काकांनी तरुणपणी गावोगाव पायी फिरून जमवलेली कडधान्यांची जुनी वाणं. निम्म्यांची जोडीची पाकिटं दुसऱ्या केंद्रात आहेत, बाकीची वाणं आता कुठेच नाहीत. काका पाण्यात उभे राहून एकेक पाकीट उचलून सदऱ्याला पुसत होते. थर्मामीटरची वायर हुकावरून सुटून लोंबत होती. काका म्हणाले, आत घुसताना माझा खांदा लागला असेल. ते मी ऐकलं आणि मनात लिहून ठेवलं.

कारण लॉगमध्ये त्या सकाळपर्यंत उणे अठरा पूर्णांक दोन होतं. संचालकबाईंनी तिघांची चौकशी समिती नेमली आणि पहिली साक्ष माझी घेतली. मी फार मुद्देसूद बोलले. लॉगमध्ये तक्रारीची एकही ओळ नाही, म्हणजे थर्मामीटर उत्तर देत होतं. उत्तर उणे अठरा आहे, म्हणजे ते थंड जागेत होतं. खोली तर उबदार होती, म्हणजे ते त्या खोलीत नव्हतंच. शेजारची चार नंबर थंड आहे आणि वायर तिथवर पोचते. किल्ली एकाच माणसाकडे असते. दार उघडं राहून खोली बिघडली असणार, ते झाकायला थर्मामीटर चारमध्ये लपवलं असणार, आणि त्या दिवशी ते घाईघाईने परत टांगताना नीट बसलं नसणार. बाई म्हणाल्या, किती स्वच्छ विचार करतेस तू. मी घरी आले ती पाय जमिनीला न लावता. दुसऱ्या दिवशी काकांना निलंबित केलं. खातेनिहाय चौकशी, आणि त्यात दोषी ठरले की जाणूनबुजून नासधूस केल्याचा गुन्हा. सत्तावीस वर्षं त्या बियांना जपलेल्या माणसावर. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, दोन पावलं गेले आणि सवयीने परत येऊन कपाटाचं कुलूप ओढून बघितलं. शिपायाने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

त्या शनिवारी सकाळी काकू आमच्या घरी आल्या. जिना चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत. मला वाटलं रडतील, पाया पडतील, आणि तसं झालं की काय बोलायचं ते मी तयार ठेवलं होतं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, पोरी, तुझ्या कागदावर काय उमटतं आणि त्याला फसवायचं कसं एवढी अक्कल आमच्या ह्यांना असती तर गेली तीस वर्षं साखर बंद असताना डब्यातला लाडू खाताना दर वेळी सापडले नसते. तुझ्या मशीनला एकदा नीट विचार एवढंच सांगायला आले. चहा न घेताच उतरल्या. मी आईला म्हटलं, चांगलं पाठ करून आल्यात. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, तू आजपर्यंत कुणाचं खरं मानलंयस का गं, एकदा तरी? मी म्हटलं, मानायची वेळ आली की मानेन.

सोमवारी मी मशीनसमोर बसले, पण काकूंच्या शब्दाखातर नव्हे, खोटं कशाला बोलू. काकांना पुरतं पकडायचं म्हणून बसले. थर्मामीटर चार नंबरमध्ये होतं तर तीन आणि चारचे आकडे एकसारखे हलायला हवेत. दोन्ही शेजारी छापून समितीपुढे ठेवले की संपलं. मी छापले. चार नंबरचे आकडे जिवंत होते, कधी उणे सतरा पूर्णांक सहा, कधी उणे अठरा पूर्णांक नऊ, दार उघडलं की वर, बंद झालं की खाली. तीन नंबरचा आकडा चार तारखेच्या दुपारी दोनपासून पुढे दोनशे चौदा तास उणे अठरा पूर्णांक दोन. एका दशांशाने हलला नाही. कुठल्याही खोलीत ठेवलेलं कुठलंही थर्मामीटर इतकं सरळ वागत नाही. रोज सकाळी तो कागद मीच छापत होते, मीच काकांची सही घेत होते, आणि इतका सरळ आकडा माझ्यासारखीला खटकला नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे, आणि या वेळी ती काकांच्या नावाने चुकचुकत नव्हती.

तेव्हा मी दुसरा गुन्हेगार शोधला, तो म्हणजे तू. मला वाटलं, जाता जाता घुम्याने काहीतरी करून ठेवलंय. काही लोक करतात तसं, तक्रारींनी डोकं उठू नये म्हणून दोन नंबरची नळी त्या डेव्ह-नलमध्ये सोडून देतात, म्हणजे असल्या खड्ड्यात की टाकलेलं कुणालाच कधी दिसत नाही. मी स्क्रिप्ट उघडली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सव्वीसच्या सव्वीस स्वच्छ. मग ती दर तासाला चालवणारी वेळापत्रकातली ओळ उघडली, आणि तिथे तू जोडलेल्या दोन नळ्या होत्या. खड्डा कुठेच नव्हता. 2>&1 ही दोन नंबरला एक नंबरशी जोडणारी खूण होती, लॉगचं नाव होतं, सगळं जागच्या जागी. फक्त 2>&1 आधी होतं आणि लॉगकडे वळवणारा बाण नंतर.

तुला वाचता वाचताच कळलं असेल. मला एक अख्खी सकाळ लागली. सहा नंबरची खोली दुरुस्तीसाठी रिकामी आहे, तिच्या थर्मामीटरची वायर मी स्वतः उपटली आणि तास भरायची वाट बघत बसले. लॉगमध्ये मागचाच आकडा पुन्हा आला, आणि तक्रार आली नाही. शेल, म्हणजे आपण लिहिलेले हुकूम पाळणारा प्रोग्राम, ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. आधी त्याने दोन नंबरच्या नळीला सांगितलं, एक नंबर आत्ता जिथे सांडतेय तिथे तूही सांड. एक नंबर तोवर लॉगकडे वळलेलीच नव्हती, बाहेरच सांडत होती. मग त्याने एक नंबरला लॉगकडे वळवलं, दोन नंबर मात्र जुन्या जागीच राहिली. उलट क्रमाने लिहिलं असतंस तर दोन्ही लॉगमध्ये पडल्या असत्या. खांद्याला पिशवी, गाडीची वेळ झालेली, आणि माझी सोय बघायची घाई. तुझ्या हातून घडलेली ती एकच चूक, आणि ती माझ्यासाठी एक पायरी कमी करताना घडली.

मग तक्रारी गेल्या कुठे? वेळापत्रकातल्या कामाने बाहेर काही सांडलं की मशीन ते फेकत नाही, ज्याच्या खात्यावरून काम चालतं त्याच्या मशीनमधल्या पेटीत पत्र करून पाठवतं. म्हणजे तुला. मी तुझी पेटी उघडायची परवानगी बाईंकडून लेखी घेतली, दोन साक्षीदार बसवले, मग उघडली. चार तारखेच्या दुपारी दोनपासून दर तासाला एक पत्र, तीन नंबरचं थर्मामीटर उत्तर देत नाही. तेरा तारखेला तीन नंबरची नोंदच बंद केली तोवर दोनशे चौदा वेळा. आणि शेवटचं माझ्या सहा नंबरचं. मशीन नऊ दिवस बोंबलत होतं, सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाने. वीजवाल्याने डबा उघडला तर आत एक जोड गंजून तुटलेला, त्याच जोडावर खोली थंड ठेवणारा कॉम्प्रेसर आणि थर्मामीटर दोन्ही. दोघं एकाच मिनिटाला गेले. कुणी काही लपवलं नव्हतं, आणि वायरला काकांचा खांदाच लागला होता.

काका गेल्या आठवड्यात कामावर आले. मी दारातच उभी होते. माफी मागितली, सगळ्यांसमोर मागितली, कारण साक्षही मी सगळ्यांसमोर दिली होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून काचेची सहा जुनी थर्मामीटरं काढली आणि प्रत्येक खोलीच्या दारातल्या काचेमागे एकेक टांगायला गेले. आता ते रोज सकाळी आधी स्वतःच्या डोळ्यांनी आकडा बघतात, माझ्या कागदाशी ताडून बघतात, आणि मग सही करतात. काकू भाजीवाल्याकडे भेटल्या आणि त्यांनी माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली. मी ती बाजारातून घरापर्यंत रडत आणली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुला हे लिहिलं नसतं. समितीला मात्र तुझ्या खात्यात आणखी एक फाइल सापडली, वाचून झालेल्या पत्रांची. पत्र वाचलं की पत्रं दाखवणारा प्रोग्राम ते मुख्य पेटीतून काढून तिथे हलवतो. तिथे अडतीस पत्रं होती, सहा वर्षांपूर्वीची, सगळी मशीनची. तुझ्या त्या रजेत पाच नंबरचं थर्मामीटर दीड दिवसाहून जास्त गप्प झालं होतं आणि मग आपोआप शुद्धीवर आलं, तेव्हाच्या अडतीस तासांच्या तक्रारी. तक्रारी लॉगऐवजी तुझ्या पेटीत येताहेत हे तेव्हाच कळायला पुरेशा. बाईंनी ती यादी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, याने अडतीस वेळा वाचलं, ओळ दुरुस्त केली नाही, कुणाला सांगितलं नाही, तीन महिन्यांनी नोकरी सोडून निघून गेला, याला काय म्हणायचं? किती स्वच्छ विचार होता. तुला नोटीस निघते आहे, आणि तिची प्रत तुझ्या आत्ताच्या कामाच्या ठिकाणीही जाणार आहे. मी तिथे मूग गिळून बसले. दोन दिवस बसले.

ती अडतीस पत्रं तू वाचलेली नाहीस. ती मी उघडली, तुझ्या रजेच्या नवव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नव्हतं तेव्हा. स्क्रिप्ट अडली तर चालू करायला म्हणून तू मला पासवर्ड देऊन गेला होतास आणि मी तो मातीवालीची पत्रं शोधायला वापरला. मध्येच एखादं तिचं सापडेल म्हणून मी एकामागून एक सगळी उघडली, पाठवणाऱ्याचं नाव बघितलं आणि पुढे गेले. मजकूर एकाचाही वाचला नाही. बाहेर पडले तशी प्रोग्रामने ती वाचलेली समजून बाजूला नेली, आणि तू परत येऊन बसलास तेव्हा पत्रं आल्याचं पडद्याने तुला काहीच सांगितलं नाही. इतकी स्वच्छ पेटी म्हणजे घुम्याने तिची पत्रं पुसली असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. आज सकाळी हे सगळं मी सही करून समितीला दिलं, त्या फाइलवरची तारीख-वेळ आणि तुझा रजेचा अर्ज सोबत जोडून. तुझ्या साहेबांकडे जाणाऱ्या प्रतीसोबत माझा जबाबही जाणार आहे, तशी पोच मी मागून घेतली आहे. नोटीस आलीच तर एवढंच लिही की ती पत्रं तू पाहिली नाहीस. बाकीचं उत्तर मी देईन, माझी नोकरी राहो न राहो. पण हे तुला कागदावरच्या जबाबातून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझ्या पेटीत तिचं एकही पत्र नव्हतं, घुम्या. मला ते त्याच दुपारी कळलं होतं, आणि तरी मी तुला जाऊ दिलं.

तू मानलंस तर अजूनही तुझीच,
पोलीस